ताठ कण्याची बुलेट

बॉबर म्हणजे चालण्यापुरते ठेवून बाकी सगळे उतरवलेली मोटारसायकल. पुढचे मडगार्ड काढतात, मागचे निम्म्यावर कापतात, डबल सीटच्या जागी एकट्यापुरते स्प्रिंगवाले खोगीर बसवतात. हौस त्याहून मोठी असेल तर मागचे शॉकअपही जातात आणि चाकाचा ॲक्सल थेट चेसिसला जखडला जातो. याला रिजिड फ्रेम किंवा हार्डटेल म्हणतात. गाडीचा कणा त्यामुळे ताठ होतो. चालवणाऱ्याच्या कण्याचे काय होते हा अस्थिरोगतज्ज्ञांचा प्रांत असल्याने त्याचा विचार येथे केलेला नाही.

हा प्रकार मूळचा अमेरिकेतला. 1930 च्या दशकात तिथल्या हौशी शर्यतवाल्यांनी वजन घटवण्यासाठी हार्ले आणि इंडियन या कंपन्यांच्या गाड्यांवरचा जादा पत्रा उतरवायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेल्या मोटारसायकली परतलेल्या सैनिकांच्या हाती लागल्या आणि ही रीत फोफावली. मात्र त्यांनी मागचे शॉकअप काढले नव्हते. बहुतेक गाड्यांना ते मुळात नव्हतेच. हार्लेच्या मोठ्या गाड्यांना ते मिळाले 1958 साली, ड्युओ-ग्लाइडबरोबर. त्या पोरांनी नाइलाजाने जे सोसले ते आज पदरचे पैसे मोजून मिळवायचे असते. 1984 पासून खुद्द हार्लेनेच दिसायला रिजिड पण पोटात शॉकअप लपवलेली सॉफ्टेल विकायला काढली. कारखान्याला ग्राहकाची पाठ आणि ग्राहकाची ऐट या दोन्हींची किंमत नेमकी कळली होती.

बुलेटच्या बाबतीत हा व्यवहार आणखी उलटा आहे. 1948 साली इटलीत झालेल्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या चाचणीत रॉयल एनफिल्डने नवी बुलेट उतरवली. मागे स्विंग आर्म आणि तेल भरलेले शॉकअप हेच तिचे नवेपण होते. तिच्या स्वारांनी सुवर्णपदके आणली. पुढे भारतीय लष्कराने ही गाडी पसंत केली आणि 1955 मध्ये मद्रासजवळ कारखान्याची उभारणी सुरू झाली. म्हणजे ज्या अवयवाने बुलेटचे नाव झाले, बॉबरवाला ग्राइंडर घेऊन नेमका त्याच अवयवापाशी बसतो.

बॉबर करू पाहणारा मालक साधारणपणे चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला आणि नोकरीत स्थिरावलेला असतो. (प्रस्तुत लेखक या व्याख्येत तंतोतंत बसतो, खोगिरात बसतो की नाही हा वेगळा प्रश्न.) गाडीचे वजन वीस किलोंनी उतरावे म्हणून तो जिवाचे रान करतो; स्वतःचे दोन किलो उतरवण्याचा मार्ग फुकट असूनही त्याला पटत नाही. ‘मिनिमल’ हा शब्द त्याच्या तोंडी सतत असतो. आरशाविषयी त्याचे मत असे की मागे पाहायची गरजच काय. मात्र रस्त्यातल्या प्रत्येक दुकानाच्या काचेत तो बाजूला पाहतो.

गाडी बहुधा वडिलांची असते. ओतीव लोखंडाचे इंजिन, 70 मिलिमीटर बोअर, 90 मिलिमीटर स्ट्रोक, 346 सीसी. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात. टाकीवरच्या सोनेरी रेघा मद्रासच्या कारखान्यात हाताने ओढलेल्या. त्यातली एका बाजूची रेघ मधेच पुसट झालेली असते, कारण तिथे पुढे बसलेल्या पोराचे गुडघे घासत असत. तेच पोर आता मालक असते आणि टाकी मॅट काळी करायला निघालेले असते.

खोलण्याचे काम सोपे आणि सुखाचे. जुन्या बुलेटचे बरेच आटे ब्रिटिश मापाचे असतात. त्यांना मिलिमीटरचा पाना लावला की नटाच्या कडा गोल होतात आणि मग छिन्नी-हातोड्याखेरीज गत्यंतर राहत नाही. निघालेले नटबोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत, डब्यावर चिठ्ठी लावून ठेवावेत. डबे घरातले असल्यास आधी विचारावे.

सर्वांत आधी निघते ते साडीगार्ड. या भागाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण मोटारसायकलवरच्या पुस्तकांत त्याला ओळसुद्धा मिळत नाही. डाव्या बाजूला, मागच्या चाकाच्या आड बसवलेली ही लोखंडी जाळी. खाली एका बाजूला बसणाऱ्या बाईचे दोन्ही पाय मावतील अशी आडवी पट्टी. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला 123 वा नियम खास मागे बसणाऱ्यासाठी आहे: धरायला कायमची मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडा अडकू नये म्हणून मागचे चाक निदान अर्धे झाकलेले हवे. परदेशी कंपन्यांनाही इथे गाडी विकताना हा दागिना चढवावा लागतो. बॉबरवाले त्याला नाके मुरडतात. दिसायला तो सुंदर नाही हे खरेच. खिडकीच्या गजांशी त्याचे नाते उघड दिसते.

पण त्या पट्टीवर जो तोल सांभाळला गेला त्याची नोंद कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही. एका बाजूला बसलेली बाई, मांडीवर भाजीची पिशवी, कडेला तान्हे, एका हाताने खांदा धरलेला, दुसऱ्याने पदर आवरलेला; आणि पुढे टाकीवर थोरला. चढावर गिअर बदलताना गाडीला हिसका बसतो तेव्हा हा सगळा संसार अर्धा इंच मागे सरकतो आणि परत जागेवर येतो. चालवणाऱ्याला वाटते, काय झकास बॅलन्स आहे आपला! इंजिन, टाकी, हँडल, सगळे आरसी बुकातल्या नावाच्या धन्यासाठी घडवलेले असते. ज्या माणसाचे नाव त्या बुकात नाही त्याच्यासाठी गाडीवर एवढा एकच लोखंडाचा तुकडा असतो. अनावश्यक भाग कोणते याची यादी होते तेव्हा ती करणारा नेहमी पुढे बसलेला असतो, हे या छंदाचे दुखणे आहे. ते रंगाने किंवा क्रोमने झाकत नाही.

“आणि मी कुठे बसायचं?” हा प्रश्न घरातून येतोच. “तुला ॲक्टिव्हा आहे की,” हे त्याचे प्रचलित उत्तर. ते देऊन झाल्यावर काही काळ चहा स्वतःच करून घ्यावा लागतो.

आता मुख्य शस्त्रक्रिया. ग्राइंडर हाती घेण्याआधी पेट्रोलची टाकी उतरवून लांब न्यावी आणि वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडवावी. चेसिस नंबर कोरलेल्या भागाला हात लावू नये. तो नंबर गेला की उरते ते भंगार. इंजिन चेसिसमध्ये तसेच राहू द्यावे, म्हणजे कापल्यावर नळ्या फाकत नाहीत. मागचा भाग कापून त्याजागी तिकोनी हार्डटेल जोडतात. त्यासाठी बिनसांध्याची जाड नळी घ्यावी. शिडी किंवा ग्रिलसाठी मिळणारी नळी स्वस्त पडते, पण ग्रिलवर बसून कोणी ताशी साठने जात नाही. नुसते तोंडाला तोंड लावून डाग देणे धोक्याचे. जुन्या-नव्या नळीच्या आत लोखंडाचा भरीव तुकडा घालतात, बाहेरून भोके पाडून तो त्या भोकांतूनही वेल्ड करतात, मग सांध्याची कड भरतात. आधी सगळीकडे फक्त टॅक, म्हणजे कच्चे टाके. त्यानंतर चाके लावून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत दोरी ताणावी. दोरी खोटे बोलत नाही. पक्के वेल्डिंग आलटून पालटून, थोडे थोडे करावे, नाहीतर उष्णतेने चेसिस पीळ खाते आणि गाडी जन्मभर रस्त्याच्या कडेची विचारपूस करत चालते.

‘घरी केली’ असे सांगताना हा टप्पा मालक घाईने उरकतो, कारण घरी फक्त कापलेली असते. जोडलेली असते कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा तसल्याच एखाद्या गल्लीत, कळकट शर्टातल्या, चष्मा कपाळावर सरकवलेल्या मिस्त्रीने. मिस्त्री काम चोख करतो, पण शॉकअप बाजूला ठेवताना “हे चांगले आहेत की साहेब, काढताय कशाला?” एवढे विचारतोच. ‘मिनिमल’ हे उत्तर त्याच्यापुढे टिकत नाही.

हार्डटेलचा एक फायदा मात्र निर्विवाद आहे. स्विंग आर्म वरखाली होताना चेनचा ताण बदलत राहतो. इथे ॲक्सल जागचा हलत नाही, त्यामुळे चेनची ढील कायम तेवढीच राहते. बुलेटला तेलाची वेगळी टाकी नसते, ती इंजिनच्या पोटातच असते. त्यामुळे खोगिराखालची जागा मोकळी ठेवून पलीकडची भिंत दाखवण्याची हौसही पुरवता येते. बॅटरी मात्र कुठेतरी लपवावी लागते.

चालवण्याचे तंत्र थोडक्यात असे. मागचा टायर जाड घ्यावा. खोगिराच्या दोन स्प्रिंगा सोडल्या तर मागच्या बाजूला लवचिक असे तेवढेच उरते. गतिरोधक दिसताच फूटरेस्टवर उभे राहावे. बघणाऱ्याला हा मालकाचा रुबाब वाटतो. न रंगवलेल्या गतिरोधकावर तो रुबाब तोंडातून अस्फुट उद्गाराच्या रूपाने बाहेर पडतो. पावसाळ्यात अर्ध्या मडगार्डमुळे चिखलाची एक सरळ रेघ कमरेपासून मानेपर्यंत उमटते आणि कुणी कुठून आले हे ऑफिसात सांगावे लागत नाही.

कायद्याची बाजू छोटी आणि कडक आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या 52 व्या कलमानुसार कारखान्याने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आली. कापलेली चेसिस हा एक बदल, सीट दुसरा, मडगार्ड तिसरा. पुढची बेरीज मालकाने रात्री अंथरुणात करावी.

म्हणून कापण्याऐवजी बोल्टने बसणारे हार्डटेल केव्हाही शहाणपणाचे. मूळ चेसिस शाबूत राहते, गाडी खाजगी आवारात मिरवता येते आणि रस्त्यावर न्यायची तेव्हा परत पूर्वपदावर आणता येते. स्विंग आर्म, शॉकअप आणि डबल सीट ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवावी. शॉकअप उभेच ठेवावेत. साडीगार्ड बहुतेकांनी पहिल्याच दिवशी भंगारवाल्याला किलोने दिलेले असते; ते नवे आणावे लागते. नव्याची भोके जुन्या क्लॅम्पशी जुळत नाहीत, ती ड्रिलने वाढवून घ्यावीत, आणि पट्टी किती उंचीवर हवी हे मागे बसणारीला प्रत्यक्ष बसवून, विचारूनच बोल्ट आवळावेत.