सल्ला मोफत, खुर्ची नाही
ड्यूटी बदलताना एक परिचारिका दुसरीकडे रुग्णांची जबाबदारी सोपवते, त्यास ‘हँडओव्हर’ म्हणतात. मात्र खाटांच्या नोंदींबरोबरच टाचदुखी, पिंढऱ्यांतील फुगलेल्या शिरा आणि लघवी तुंबवून होणारी जळजळ यांवरील सल्लेही त्याच वेळी सोपवले जातात. रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलणारीने स्वतः ड्यूटीभर टेकू नये, हा नियम कोठेही लिहिलेला नसूनही काटेकोरपणे पाळला जातो. वापरलेली सुई टोचल्यास एचआयव्ही-प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते, हे सर्वजणींना तोंडपाठ असते. त्या औषधाच्या अर्जावर सही करणारे साहेब किती तासांत सापडावेत, याविषयी शास्त्र मौन पाळते. १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, परिचारिकांचा गुलाबपुष्प देऊन गौरव होतो आणि खुर्च्या पाहुण्यांसाठी राखीव असल्याने तो त्यांनी उभ्यानेच स्वीकारायचा असतो.