प्रत्यक्षदर्शी

प्रत्यक्षदर्शी मुद्दाम आकाशाकडे कधीच बघत नाही. वीज गेली, गच्चीवर चटई टाकली, खर्रा थुंकायला मान वळवली, की उडती तबकडी हजर!

मग पंचनामा सुरू होतो. ‘केवढी होती?’ ‘परातीएवढी.’ ‘किती उंचावर?’ ‘पाण्याच्या टाकीच्या थोडी वर.’ ‘आवाज?’ ‘अजिबात नाही, तेच तर!’ आवाज आला असता तरी ‘तेच तर’ असतं. पुराव्याला मोबाइलचा व्हिडिओ असतो. त्यात मिट्ट काळोख, एक थरथरता ठिपका आणि मागून ‘अबे, वर पाय ना बे!’

माणूस खोटारडा नव्हे. उजेड त्याने खरंच पाहिलेला असतो. बरेचदा तो मावळतीचा शुक्र असतो. मोटारसायकलच्या सोबतीने पळतो, कारण तो इतका दूर आहे की आपण गावं ओलांडली तरी तो तिथल्या तिथेच दिसतो. पण हे सांगितलं की स्वारीचं बिनसतं. ‘मला शुक्र ओळखू येत नाही?’ येत नाही, हे बोलायची सोय नसते. म्हणून आपण दाखला देतो: लडाखच्या सीमेवर २०१२-१३ मध्ये जवानांनी महिनोन्‌महिने नोंदवलेले उजेड शेवटी गुरू आणि शुक्र निघाले. तो खुलतो. ‘बघा, लष्करालाही दिसलं!’

आकडे त्याला तोंडपाठ. अमेरिकेच्या हवाई दलाने १९६९ पर्यंत अशा १२,६१८ नोंदी तपासल्या, त्यातल्या ७०१ चा उलगडा झाला नाही. उरलेल्या ११,९१७ जणांबद्दल त्याचं मत फारसं बरं नाही. ‘घेऊन बसले असतील.’ आपण ७०१ मधले, याबद्दल मात्र शंका नाही.

त्याच्यावर अविश्वास दाखवा, चालतं. अविश्वासावर तर त्याची तब्येत टिकून आहे. पण ‘मलाही दिसलं’ एवढं म्हणू नका. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. ठिणग्यांची रांग संथपणे आकाश कापत गेली आणि अख्ख्या विदर्भाने ती पाहिली. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळच्या लाडबोरीत सुमारे ३ मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं. ते चिनी रॉकेटचा अवशेष असल्याचं अभ्यासकांनी सांगितलं. तबकडीवाल्यावर याहून मोठं संकट नाही: वस्तू खरी, पुरावा पोलीस ठाण्यात आणि साक्षीदार घरटी चार!

दोन दिवस तो गप्प होता. तिसऱ्या दिवशी पानठेल्यावर म्हणाला, ‘तुम्ही उजेड पाहिला. खिडक्या कोणी पाहिल्या?’

कोणीच पाहिल्या नव्हत्या. आता खिडकीत कोण बसलं होतं, ते त्याने राखून ठेवलंय. शेजारच्या गल्लीतल्या कुणाला खिडक्या दिसल्या, की सांगणार आहे.