दाखलेबुवा

शब्दकोशाला अर्थ लिहिणारे पुष्कळ मिळतात. दुपारची डुलकी काढून कोणीतरी उठतो, मराठी विक्शनरी हा कोणालाही लिहिता येणारा कोश उघडतो आणि ‘घोळ’ या शब्दाचे पाच अर्थ ठोकून देतो. दाखलेबुवा त्यातले नव्हेत. त्यांनी आजवर एकाही शब्दाचा अर्थ लिहिलेला नाही. “अर्थ काय, कोणीही सांगेल. कोणी, कुठे, कधी वापरलाय ते दाखवा,” एवढंच त्यांचं म्हणणं. समोरचा दाखवत नाही, मग तेच शोधायला बसतात, आणि एकदा बसले की वहिनींना आमटी दोनदा गरम करावी लागते.

बुवा बहुधा निवृत्त असतात. बँकेतून नाहीतर पाटबंधारे खात्यातून. व्हाउचरला व्हाउचर लावायची सवय तिथलीच. (क्वचित एखादा पंचविशीतला संगणक अभियंताही निघतो, पण बोलायला लागला की तोही निवृत्तच वाटतो.) चावडीवर, म्हणजे विक्शनरीच्या सामायिक चर्चेच्या पानावर, त्यांचा दरारा असतो. नवख्यांनी सरावाच्या धूळपाटीवर वाटेल तेवढं खेळावं, त्यांची हरकत नाही. दाखल्याला मात्र हात लावायचा नाही.

दाखल्याची मांडणी हा त्यांचा कुळाचार. आधी वर्ष, तेही ठळक. मग लेखक, मग पुस्तकाचं नाव तिरक्या अक्षरांत, प्रकाशक, पृष्ठ. खालच्या ओळीत अवतरण आणि त्यात आपला शब्द ठळक. दाखले जुन्यापासून नव्याकडे. त्यासाठी तयार साचा आहे, रकाने भरले की झालं, असं तुम्हाला वाटेल. पण शब्द आहे ‘रस्ता’ आणि वाक्यात आलंय ‘रस्त्यात’. ठळकपणा कुठे थांबवायचा? जोडाक्षराच्या मध्येच कात्री लावली की पडद्यावर त्याचे तुकडे होतात. अख्खं रूप ठळक केलं तर विभक्तीचा प्रत्यय फुकटात मिरवून घेतो. मग चर्चापानावर दोन तट पडतात, कौल घ्या अशी मागणी होते आणि कौलाला मतं पडतात दोन. दोन्ही बुवांचीच, असं वाईट बोलणारे म्हणतात.

वर्षाच्या रकान्यात तर बुवांचा मुक्कामच असतो. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इसवी सन १२९०. शाळेतलं पोरही सांगेल. पण एकनाथांनी शके १५०६ मध्ये पाठ शुद्ध केला, राजवाड्यांनी १९०९ मध्ये आपल्या पोथीवरून वेगळाच पाठ छापला. आता एखादा शब्द एका प्रतीत असेल आणि दुसरीत नसेल, तर ठळक अक्षरांत कोणतं वर्ष घालायचं? तुकोबांचं त्याहून अवघड. एका गाथेतला अभंगाचा क्रमांक दुसऱ्या गाथेत जुळेल तर शपथ. दाते-कर्व्यांनी १९३२ ते १९३८ मध्ये महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग काढले आणि हे सगळं ‘ज्ञा’, ‘एभा’, ‘तुगा’, ‘दा’ अशा अक्षरांत आवरलं. बुवांना त्या संक्षेपांचं इतकं वेड की त्यांच्या किराण्याच्या यादीतही ‘तुडा १, शेंते २’ असं असतं. वाण्याने शेवटी संक्षेपसूची मागून घेतली.

अनुस्वार हा दुसरा नाजूक भाग. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी बरेच अनुस्वार उतरवले. त्याआधीच्या छापील पानांवर ‘कां’, ‘नाहीं’, ‘केलें’ असे ठिपक्यांचे सडे पडलेले असतात. कोणीतरी सज्जन येतो आणि अवतरणातले ठिपके ‘सुधारतो’. बुवांची पहाऱ्याची सूची लागलीच बोलते आणि ते संपादन उलटवलं जातं. शेरा एवढाच असतो: “आजोबांच्या फोटोला जीन्स घालू नये.”

इंग्रजी विक्शनरीत नियम आहे की शब्द पानावर टिकवायचा तर त्याचे तीन स्वतंत्र दाखले हवेत, किमान वर्षभराच्या काळात पसरलेले. ज्या भाषांचं लिखाण फारसं हाताशी नाही, त्यांना एकावर सूट. बुवांनी तो नियम घरी लागू केलाय, सूट न देता.

“अहो, गावाला जाऊ असं तुम्हीच म्हणाला होतात.”

“दाखला?”

“शेजारच्या काकूंनीही ऐकलंय.”

“त्यांना तूच सांगितलंस. स्वतंत्र धरता येणार नाही.”

वहिनींनी यावर काय म्हटलं त्याला मात्र तीनच काय, अख्ख्या जिन्यातून दाखले मिळतील.

ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाची गोष्ट ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात. हजारो स्वयंसेवक चिठ्ठ्यांवर दाखले उतरवून पाठवायचे. पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि काम संपायला १९२८ उजाडलं. त्यातला एक फार मोठा दाखलेकरी ब्रॉडमूरच्या वेड्यांच्या इस्पितळात कोंडलेला डॉक्टर होता. इथे बुवा भारावून थांबतात. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणतात, “त्यात नवल ते काय?”

एखादा मोठा लेखक गेला की सगळे हळहळतात. बुवाही हळहळतात आणि मनातल्या मनात साठ मिळवतात, कारण आपल्याकडे लेखकामागे साठ वर्षं प्रताधिकार राहतो. एका ओळीच्या दाखल्याला कोणी अडवत नाही हे त्यांना ठाऊक आहे. पण प्रताधिकार संपून पुस्तक विकिस्रोत या मुक्त ग्रंथालयावर चढलं की थेट पानाचा दुवा देता येतो, आणि हे सुख वेगळंच.

माणूस छळतो, यात वाद नाही. पण पाच अर्थ ठोकणाऱ्याचे चार अर्थ वर्षभरात खोडले जातात आणि बुवांचा दाखला जिथल्या तिथे असतो. तेव्हा तुमच्या माळ्यावर १९६२ पूर्वीचं पुस्तक असेल, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी शीर्षकपान आणि त्यामागचं पान शाबूत आहे का बघा, आणि बुवांना कळवा. ते कुठे भेटतील याची चिंता नको. कुठल्याही दाखल्यातलं वर्ष एकाने चुकवा. चहा निवायच्या आत हजर होतील.