पाऊण तासावरचं रान

खऱ्या कॅम्पिंगवाल्यांची एक जात असते. ती माणसं योसेमिटीच्या मागच्या डोंगरांत पाठीवर बिऱ्हाड घेऊन दिवसेंदिवस चालतात, अस्वलाच्या हाती लागू नये म्हणून शिधा जाड प्लॅस्टिकच्या डब्यात कोंबतात आणि परत आल्यावर त्याबद्दल फारसं बोलत नाहीत. आम्ही दुसऱ्या जातीचे. आम्ही हाफ मून बेला जातो आणि खूप बोलतो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला, डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, पॅसिफिकच्या काठावर हे छोटंसं गाव आहे. तिथल्या राज्य सरकारच्या उद्यानात फ्रान्सिस बीच नावाचा किनारा आहे आणि वाळूच्या जरा वर, गवताळ सपाटीवर, पन्नासेक बिऱ्हाडांच्या तंबूंची आणि गाड्यांची सोय. सनीव्हेलच्या आमच्या घरापासून हे अंतर पाऊण तासाचं, रस्ता मोकळा असेल तर. डोंगर ओलांडणारा ब्याण्णव नंबरचा हायवे शुक्रवारी दुपारी मोकळा असल्याचं माझ्या पाहण्यात नाही. भोपळ्यांची शेतं, ख्रिसमसच्या झाडांची शेतं, सगळं अगदी निवांत बघून होतं. पुढच्या गाडीच्या टपावर होड्या, मागच्या गाडीला सायकली. शहरापासून लांब जायचं म्हणून अख्खं शहर एकाच वेळी निघालेलं असतं.

यंदा सासूबाई बरोबर होत्या. त्या हर्णैच्या. समुद्र त्यांनी जन्मभर घराच्या मागल्या दारातून पाहिलेला, त्यामुळे समुद्र बघायला जायचंय हे कारण त्यांना पटण्यासारखं नव्हतंच. शिवाय जमिनीवर झोपायला पैसे भरलेत हे कळल्यावर त्यांनी, "किती?" एवढंच विचारलं आणि मी विषय बदलला. खरं तर रक्कम लपवण्यासारखी नव्हती. गावातल्या साध्या हॉटेलच्या खोलीला जे पडतं त्याच्या चतकोरात भागतं. लपवण्यासारखं काही असेल तर ते बुकिंगचं प्रकरण.

इकडे आलेल्या आईवडिलांना विमानतळावर साधारण सहा महिन्यांचा शिक्का मिळतो, आणि या उद्यानाचं आरक्षणही बरोबर सहा महिने आधी, सकाळी आठ वाजता उघडतं. म्हणजे जुलैतली जागा जानेवारीत धरायची, जेव्हा सासूबाईंचं तिकीटसुद्धा काढलेलं नसतं. तंबू झालाय, आता तुम्ही या, असं ते निमंत्रण. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारच्या जागा डोळ्यांदेखत संपतात. आठच्या आधीपासून आमच्या गावातले एकाहून एक इंजिनिअर दोन-दोन लॅपटॉप आणि फोन मांडून बसतात, आणि एका जागेवर आठच माणसं चालतात हा नियम वाचून पुन्हा हिशेबाला लागतात. नियम करणाऱ्याचा मराठी मित्रमंडळाशी संबंध आलेला नसावा. ठरवताना आपण आठ असतो, निघताना किती होऊ ते कुणी सांगावं?

पोचलो तेव्हा धुकं होतं. हे मी बातमी म्हणून सांगत नाही, जुलैत तिथे धुकंच असतं. घरून निघताना पस्तीस अंश, अंगात बिनबाह्यांचे कपडे. आणि डोंगर उतरताच पंधरा अंश, समोरचा समुद्र गायब, फक्त आवाज. सासूबाईंनी गाडीची काच खाली केली, परत वर केली आणि म्हणाल्या, "हा उन्हाळा?"

कारण विचाराल तर ते समुद्राच्या पोटात आहे. उन्हाळ्यात इथला वारा वायव्येकडून किनाऱ्याला समांतर वाहतो. पृथ्वी फिरते आहे, त्यामुळे वाऱ्याने ढकललेलं वरचं पाणी सरळ न जाता किनाऱ्यापासून आत, खोल समुद्राकडे वळतं आणि त्याच्या जागी तळाचं थंडगार पाणी वर येतं. त्या पाण्यावरून येणारी दमट हवा गारठते आणि तिचं धुकं होतं. इथवर समुद्राचा दोष. पण ते धुकं जमिनीवर ओढलं जातं ते डोंगरांपलीकडच्या सेंट्रल व्हॅलीमुळे. तिथे चाळीस अंशांत हवा तापून वर जाते आणि रिकाम्या जागेत समुद्राची गार हवा शिरायला बघते. आमच्या शेजारच्या जागेत एक मोठी कॅम्परगाडी उभी होती आणि तिच्यापुढे खुर्ची टाकून, अर्ध्या चड्डीत, उघड्या पायांनी एक आजोबा बसले होते. मोडेस्टोहून आलेले, म्हणजे थेट त्या तापलेल्या खोऱ्यातून. धुकं अंगावर घेत ते इतके सुखात होते की बघवत नव्हतं. आम्ही स्वेटर चढवले. त्यांच्या गावचा उन्हाळा आमच्यावर धुकं ओढतो आणि मग तेच ते धुकं खायला इथे येतात, हा व्यवहार मला अजून नीटसा कळलेला नाही. आणि हो, त्यांनी त्यांची जागा एका साध्या फोनवरून, पहिल्याच फटक्यात मिळवली होती.

संध्याकाळी शेकोटी. प्रत्येक जागेला लोखंडी कडं असतं, त्यातच जाळायचं. लाकूडही गावातलंच घ्यायचं, घरून आणायचं नाही, कारण सरपणातून कीड आणि रोग एका रानातून दुसऱ्या रानात जातात. आमच्या परसातल्या ओकच्या फांद्या माझ्या नवऱ्याने महिनाभर वाळवल्या होत्या. त्या तशाच परसात राहिल्या आणि आम्ही जुडीच्या भावाने लाकूड विकत घेतलं. सासूबाईंनी त्याचाही भाव विचारला. या वेळी विषय नवऱ्याने बदलला.

खरी परीक्षा रात्री दोनला असते. तंबूच्या आतल्या बाजूने पाणी ठिबकत असतं, स्लीपिंग बॅग दमट झालेली असते, नाकाचा शेंडा आपला राहिलेला नसतो. योसेमिटीत अशा वेळी माणूस देवाचं नाव घेतो, कारण दुसरं हातात काही नसतं. इथे हातात गाडीची किल्ली असते. पाऊण तासावर गादी आहे, हीटर आहे, स्वतःचं न्हाणीघर आहे. रानात भिजणं हा नाइलाज, हाफ मून बेला भिजणं हा निर्णय, आणि तो दर तासाला नव्याने घ्यावा लागतो. माझ्या मते हे कॅम्पिंग त्या पाठीवर बिऱ्हाड घेणाऱ्यांच्या कॅम्पिंगपेक्षा अवघड आहे, पण ते लोक हे मान्य करणार नाहीत आणि त्यांच्याशी वाद घालायला मी तिकडे जाणारही नाही.

"घरी जायचं का?" नवरा कुजबुजला. "या वेळेला ब्याण्णव अगदी मोकळा असेल."

मी उत्तर देण्याआधी कानटोपी आणि दोन स्वेटरांच्या आतून सासूबाईंचा आवाज आला. "तुम्ही जा हवे तर. मला सकाळी मासे घ्यायचेत."

सकाळी उजाडल्यावर कळतं की आपण रानात आलोच नव्हतो, चाळीत आलो होतो. न्हाणीघर सामाईक. नाणी टाकली की गरम पाणी सुरू होतं आणि ऐन साबणाच्या वेळी थांबतं. खांद्यावर टॉवेल, हातात टूथब्रश घेऊन माणसं ओळीने चाललेली. कालपर्यंत ज्यांची तोंडं पाहिली नव्हती त्यांच्याशी झोप लागली का, थंडी कशी, याच्या चौकश्या. सनीव्हेलमध्ये आमच्या भिंतीपलीकडे कोण राहतं ते मी इतक्या वर्षांत नीट सांगू शकणार नाही. इथे पहिल्या चहाच्या आत मोडेस्टोच्या आजोबांचं गुडघ्याचं ऑपरेशन, पलीकडच्या कुटुंबातल्या मुलाचं कॉलेज आणि तिसऱ्या तंबूतल्या जोडप्याचं रात्रीचं भांडण, सगळं आमच्यापर्यंत आलं होतं. भांडण अर्थात कुणी सांगितलं नाही. कापडाच्या भिंतीला कान लावावा लागत नाही. चाळीला सेक्रेटरी असतो तसा इथे कॅम्प होस्ट असतो: मोसमभर स्वतःच्या गाडीत राहणारा स्वयंसेवक, बहुधा निवृत्त. रात्री दहाला शांतता, जनरेटर सकाळी दहाआधी नाही आणि रात्री आठनंतर नाही, हे तो हसतमुखाने आणि न चुकता सांगतो. आलं ठेचल्याचा आवाज शांततेच्या नियमात बसतो का, हे मात्र त्यालाही सांगता आलं नाही.

मासे घ्यायला आम्ही उत्तरेला पिलर पॉइंट बंदरावर गेलो. हिवाळ्यात याच टोकाबाहेर मॅव्हरिक्सच्या लाटा उठतात, चार-पाच मजली, आणि जगभरचे सर्फिंगवाले त्यांच्यासाठी येतात. जेफ क्लार्क नावाच्या इथल्याच पोराने १९७५ साली त्या पहिल्यांदा गाठल्या आणि पुढची पंधराएक वर्षं तो तिथे जवळपास एकटाच जात राहिला. लाटांना नाव पडलंय एका कुत्र्याचं. सासूबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं, कारण त्यांचं लक्ष धक्क्यावर होतं. तिथे मासेमार आपल्याच होडीवरून मासे विकतात. फळ्यावर माशाचं नाव आणि पौंडाचा भाव. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी लिलाव चालतो, त्या कोलाहलात वाढलेल्या बाईला ही शांतता संशयास्पद वाटली. "बोली नाही? घासाघीस नाही? मग हे लोक दिवसभर बोलतात काय गो?" त्यांनी रॉकफिशचे कल्ले उचलून पाहिले, डोळे पाहिले, पोट दाबलं. मासेमार आधी दचकला, मग त्याच्या लक्षात आलं की समोर गिऱ्हाईक नाही, परीक्षक आहे. मराठी आणि इंग्रजी यांच्यात पाच मिनिटं बोलणं झालं आणि दोघांचंही समाधान झालेलं दिसलं. भाव कमी झाला नाही, पण एक डोकं फुकट मिळालं.

दुपारी तंबूपुढे, एका शेगडीवर, सोलं आणि तिरफळं घातलेलं कालवण झालं. तिरफळं त्यांनी हर्णैहून आणली होती. तिरफळांचा वास धुक्यात वर जात नाही, जमिनीलगत पसरतो. मोडेस्टोचे आजोबा वाटी घेऊन आपणहून आले.

जेवण झाल्यावर किनाऱ्याने चालत गेलं की वाळूत दोरी बांधून राखलेला एक तुकडा लागतो. तो स्नोई प्लोव्हर नावाच्या पक्ष्याचा. मुठीएवढा जीव, वाळूच्या रंगाचा, वाळूतल्या साध्या खळग्यात अंडी घालणारा. पाय पडेपर्यंत कुणाला दिसत नाही. १९९३ पासून त्याला केंद्र सरकारचं संरक्षण आहे. सासूबाईंना हे समजावावं लागलं नाही. त्यांच्याकडे वेळासला कासवांच्या अंड्यांभोवती जाळी लावून गावकरी राखण करतात, ते त्यांनी पाहिलंय. त्यांचं म्हणणं एवढंच, की समुद्रासमोरची जागा, तीही सहा महिने आधी न उठता, या सगळ्या किनाऱ्यावर एकट्या त्या पक्ष्यालाच मिळालेली दिसते.

ते अगदी खरं नाही. थोडं दक्षिणेला कड्यावर रिट्झ-कार्लटन हॉटेल आहे, तिथल्या पाहुण्यांनाही मिळते. सूर्यास्ताला त्यांच्यासाठी बॅगपाइप वाजवणारा असतो. पण त्या हॉटेलच्या अंगणातूनही किनाऱ्याकडे जाणारी वाट सगळ्यांना खुली ठेवावी लागते. कॅलिफोर्नियाच्या लोकांनी १९७२ मध्ये मतदान करून किनारा राखायला आयोग नेमायला लावला आणि १९७६ मध्ये त्याचा पक्का कायदा झाला. ओली वाळू कुणाच्याच खासगी मालकीची नाही, हे इथलं मूळ तत्त्व. आणखी दक्षिणेला मार्टिन्स बीच आहे. तिथली जमीन २००८ मध्ये आपल्या उद्योजक विनोद खोसलांनी घेतली, पुढे किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याचं फाटक बंद झालं आणि मग खटल्यांवर खटले. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं अपील ऐकायलाच नकार दिला. आपले म्हणताना जीभ जरा अडखळते, पण इकडे कुणी भारतीय पेपरात आला की तो आधी आपलाच असतो, नंतर बातमी वाचायची.

रविवारी दुपारी बाराला जागा सोडायची. साडेअकराला ऊन पडलं. हे नेहमीचंच. समुद्र निळा झाला, तंबू सुकले, आणि आवरताना सगळ्यांच्या अंगात राहायचा उत्साह आला. चकल्यांचा डबा न उघडता परत निघाला होता, लाकडाची दीड जुडी उरली होती. लाकूड घरी न्यायचं नाही, तेव्हा ते नव्या बिऱ्हाडाला द्यायचं. ते आलंच: एक तरुण जोडपं, दुकानाची चिठ्ठी अजून लटकणारा तंबू, अंगात पातळ टी-शर्ट. मुलीने लाकूड घेतलं, आभार मानले आणि लांबून परत येत असलेल्या धुक्याकडे बघून विचारलं, की रात्री इथे थंडी फार असते का.

मी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने मोडेस्टोच्या आजोबांकडे. सासूबाईंना प्रश्न कळला होता. कानटोपी घडी करून पिशवीत टाकत त्यांनी तिला, त्यांना येणाऱ्या इंग्रजीत, ठणकावून सांगितलं, "नो, नो. व्हेरी नाइस."