गोठ्यातली करवत

आमच्या आष्टीकडचे गोठे ट्रॅक्टरनं रिकामे केले. बैल गेले, गव्हाणी राहिल्या, आणि रिकाम्या गव्हाणीशेजारी माणूस काहीतरी आणून ठेवतोच. कुणी मोटारसायकल लावतो, कुणी खताची पोती रचतो. माझे मामा मास्तरकीतून निवृत्त झाले आणि त्यांनी तिथं टेबल सॉ आणली. गावातले सुतार तिला कटर म्हणतात; मामी नाव न घेता नुसती 'ती' म्हणते. लोखंडी टेबलाच्या फटीतून दहा इंची चकती अर्धवट वर आलेली असते, डोंगराआडून उगवता उगवता विचारात पडलेल्या चंद्रासारखी. फक्त या चंद्राला दात आहेत.

ही चकती मिनिटाला २८०० फेरे घेते. मामा गणिताचे मास्तर, त्यामुळं हा आकडा ते नुसता ऐकून सोडणार नव्हते. परीघ काढला, गुणाकार मांडला, आणि एकेक दात ताशी १३० किलोमीटरच्या वर धावतो असं उत्तर आलं. २३ सप्टेंबर २०२२ रोजी नगरहून न्यू आष्टीपर्यंत रेल्वे सुरू झाली, तो मार्ग ६६ किलोमीटरचा. कित्येकांचं अख्खं आयुष्य त्या गाडीची वाट पाहण्यात गेलं. मामांच्या हिशेबानं चकतीचा दात रुळावरून सुटला तर अर्ध्या तासात नगर गाठेल. "पण जात कुठंच नाही," ते म्हणतात. "एवढी धावपळ करून जागच्या जागी राहणारं..." इथं त्यांना तालुक्यातलं काहीतरी आठवतं, आणि ते वाक्य तसंच सोडून देतात.

मला गंमत वाटते ती अशी, की कटरशी वागायच्या रीती मामांना नव्यानं शिकाव्या लागल्या नाहीत. त्या याच गोठ्यातल्या आहेत. बैलाच्या पाठीमागं उभं राहू नये, त्याच्या अंगावरून हात पलीकडं नेऊ नये, जवळ जाताना अंगावर लोंबतं काही ठेवू नये. चकतीचंही तेच. तिचे पुढचे दात लाकूड टेबलाकडं दाबतात, मागचे दात वर उसळत येतात. फळी वाकडी होऊन त्या मागच्या दातांना भिडली, की ती उचलली जाते आणि भिरभिरत माणसाकडं येते. म्हणून चकतीच्या रेषेत उभं न राहता मामा जरा बाजूला सरकून उभे राहतात. चीर मिटू नये म्हणून चकतीच्या मागं पोलादाचं एक पातळ पातं असतं. दोघं मिळून मोठी करवत ओढायचे तेव्हा सुतार चिरेत पाचर ठोकायचे, तिचीच ही नात. खांद्यावरचा टॉवेल आधी खुंटीला जातो, मनगटातला गंडाही निघतो. हातमोजे मात्र घालायचे नाहीत, हे मामीला अजून पटलेलं नाही. मोजा दातात सापडला तर हातालाही सोबत नेतो, असं मामा समजावतात, आणि ती त्यांच्याकडं थंडीत कानटोपी न घालणाऱ्या पोराकडं पाहावं तशी पाहते.

फळीचं शेवटचं टोक बोटांनी ढकलायचं नसतं. त्यासाठी मामांनी लिंबाच्या लाकडाची, पुढं खाच असलेली एक काठी केली आहे. अशा रीतीनं मास्तरांच्या हाती पुन्हा छडी आली. पूर्वीची बोटांवर बसायची, ही बोटं वाचवते. आयुष्याच्या उत्तरार्धात छडीचा स्वभाव असा निवळावा, ही मला फार समाधानाची गोष्ट वाटते.

यंत्राच्या माहितीपुस्तकात ज्याला फारशी जागा मिळत नाही असा एक धोका आमच्याकडं रोजचा आहे. तो म्हणजे लाईट येणं. लाईट गेल्याचं इथं कुणाला काही वाटत नाही. येते ती मात्र पाहुण्यासारखी, न कळवता. विहिरीवरच्या मोटारीला शेतकरी ऑटो बसवतात. रात्री दोनला लाईट आली, की मोटार आपली आपण सुरू होते आणि मालक अंथरुणात कूस बदलतो. आता कल्पना करा, फळी निम्मी कापून झाली आहे, लाईट गेली, मामा खाली वाकून भुसा झटकताहेत, आणि कटरला असा ऑटो आहे! म्हणून मामांनी त्याशिवायचा स्टार्टर बसवून घेतला. लाईट गेली की आतला चुंबक सुटतो आणि कुणी हिरवं बटन दाबेपर्यंत यंत्र गप्प राहतं. बसवणारा पोरगा मोठ्या आपुलकीनं विचारत होता, "मास्तर, ऑटो पण टाकू का? फुकट टाकतो." त्याच्यावर मामा रागावलेच नाहीत. ज्या मुलखात पाणी पळून जाण्याची भीती बोटं जाण्याच्या भीतीपेक्षा मोठी, तिथं त्या पोरानं दुसरं काय विचारावं?

बोटांची भीती मोठी धरणारेही असतात. अमेरिकेत स्टीव्ह गॅस नावाच्या गृहस्थानं १९९९ च्या सुमारास अशी करवत शोधली, की ओलसर कातडी लागताच ती हजारांश सेकंदांत थांबते. प्रात्यक्षिकाला ते सॉसेज वापरत, आणि पुढं त्यांनी स्वतःचं बोटही लावून दाखवलं. हे ऐकून मामांनी बराच वेळ आढ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "आपल्याकडं शेवग्याच्या शेंगेवर चालेल का?"

मामांच्या कटरवर येणारं लाकूड असतं पाडलेल्या माळवदाचं. जुन्या तुळयांत आजोबांच्या काळातले खिळे दडलेले असतात. कधी त्यांना कंदील लटकला असेल, कधी पाळण्याची दोरी. चकतीला त्यांच्याशी काही देणंघेणं नाही, ती एका खिळ्यात दात गमावते. म्हणून मामा प्रत्येक तुळईवरून आधी चुंबक फिरवतात, सावकाश, आजाऱ्याच्या पाठीवरून हात फिरवावा तसा. खिळा निघाला की तो डब्यात पडतो. डबा टाकून द्यायला ते तयार नाहीत.

खंडेनवमीला कटरची पूजा होते. मामी हळदकुंकू लावते, झेंडूचा हार घालते, पण त्याआधी प्लग काढलेला आहे ना हे स्वतः पाहून घेते. एरवी यंत्र चालू असताना ती मामांना हाकही मारत नाही, दचकतील म्हणून. गोठ्यातला दिवा ती घरातल्या बटनावरून दोनदा मिचकावते, म्हणजे चहा झाला. मामा चीर पूर्ण करतात, लाल बटन दाबतात, चकती थांबेपर्यंत उभे राहतात. चहावर तोवर साय धरते.

एवढ्या साऱ्या शिस्तीतून तयार काय होतं, तर पाट. गुळगुळीत, कडा गोलावलेले, देखणे पाट. मला दोन मिळाले, बहिणीला चार, शेजाऱ्यांना लग्नाकार्यात. घरात मात्र पाटावर बसणारं कुणी उरलेलं नाही. मामांचे गुडघे वाकत नाहीत, मामीचे वाकले तर उठत नाहीत. परवा मामी म्हणाली, "एवढं करताच आहात, तर त्यांना पाय लावा की." मामांनी चष्मा पुसला, चुंबक घेतला आणि पायांसाठी तुळई शोधायला गेले.