खरखर, कारखान्यात बनवलेली

फोनवर अगदी निःशब्द शांतता पसरली की माणसाला वाटतं, लाइन गेली. इंटरनेटवरच्या कॉलमध्ये बोलणारा थांबला की बऱ्याचदा आवाज पाठवणंही थांबतं. म्हणून ऐकणाऱ्याच्या बाजूचं सॉफ्टवेअर स्वतःच हलकी खरखर तयार करून ऐकवतं. तिला कम्फर्ट नॉइज म्हणतात. खरखर घालवायला अभियंत्यांच्या पिढ्या खपल्या. ती गेली, तर आता मुद्दाम बनवावी लागते!

बोलण्याचंही तेच. आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे पाकिटांत भरून पाठवतात. वाटेत हरवलेलं पाकीट पुन्हा मागवण्यात अर्थ नसतो. ते येईपर्यंत वाक्य पुढे गेलेलं असतं. मग भोक बुजवायचं अंदाजानं. गूगलनं २०२० साली ड्युओ या ॲपमध्ये या कामाला न्यूरल नेटवर्क जुंपलं. ४८ भाषांतले शंभरावर आवाज ऐकून ते शिकलं, आणि फार तर १२० मिलिसेकंदांची उणीव भरून गप्प बसे. म्हणजे जेमतेम एखादं अक्षर. समोरच्याचं अख्खं वाक्य परस्पर पूर्ण करण्याची सेवा घरोघरी पूर्वीपासून मोफत आहे.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ सांगतो, तोंडातला शब्द १५० मिलिसेकंदांत समोरच्या कानी पोचला तर बहुतेकांना उशीर जाणवत नाही. पुण्याहून कॅलिफोर्निया तेरा हजार किलोमीटरांच्या पुढे. काचेच्या तारेतून जायला प्रकाशालाच किमान ६५ मिलिसेकंद लागतात. उरलेल्यात फोन, वायफाय, राउटर, ब्लूटूथ, सगळ्यांनी आपापला हप्ता घ्यायचा. मर्यादा ओलांडली की दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम ‘बोल, बोल’ म्हणतात आणि दोघं एकदम थांबतात. मग खरखर.

यावर घरातला कर्ता माणूस ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतो. २०१२ साली प्रमाणित झालेल्या, आवाज आटवून पाठवणाऱ्या ओपस कोडेकला स्पष्ट बोलण्यासाठी सेकंदाला तीसेक किलोबिट पुरतात, हे त्याला सांगणार कोण? अडचण पुष्कळदा वेगाची नसतेच, रांगेची असते. पुतण्या लग्नाचे व्हिडिओ क्लाउडवर चढवू लागला की राउटर ते आपल्या ऐसपैस बफरमध्ये रचत बसतो, आणि आजीचं ‘जेवलास का?’ त्यांच्यामागे ताटकळतं. प्रोग्रॅमर जिम गेटीस यांनी २०१० च्या सुमारास या दुखण्याचा बोभाटा केला. उपायही निघाला: एफक्यू-कोडेल. २०१८ साली त्याचा आरएफसी, म्हणजे इंटरनेटकर्त्यांचा तांत्रिक दस्तऐवजही प्रसिद्ध झाला. त्यात किरकोळ पाकिटांना मोठ्या गठ्ठ्यांच्या पुढे सोडतात. रांग मोडायला अधिकृत मान्यता देणारी ही विद्या आपल्याकडे केव्हाच लोकप्रिय व्हायला हवी होती; पण खोक्यावर छापायला एमबीपीएसच बरे दिसतात.

कॉलचा दर्जा मोजायची रीत मात्र जुनीच: माणसांना ऐकवायचं, १ ते ५ गुण मागायचे, सरासरी काढायची. ॲपही कॉल संपल्यावर तारे मागतं. चिरंजीव पाचही देऊन मोकळे होतात. आई तिकडे बंद फोनला अजून ‘हॅलो, हॅलो’ करत असते.