मंत्रिमंडळ कसे बनवावे व कसे हलवावे : होतकरू पंतप्रधानांसाठी मार्गदर्शिका

या पुस्तिकेचा वाचकवर्ग लहान आहे याची आम्हाला कल्पना आहे. १९४७ पासून आजवर तिची गरज पडली ती, हंगामी गुलझारीलाल नंदांना धरून, पंधरा जणांना. मराठी माणसाला तर एकदाही नाही. यशवंतराव चव्हाण १९७९ मध्ये उपपंतप्रधानपदापर्यंत पोहोचले, तिथेच आपली धाव थांबली. तरीही कोणाच्या ना कोणाच्या वाढदिवसाला ‘भावी पंतप्रधान’ असे फलक चौकाचौकांत लागतातच. तेव्हा घरात एक प्रत असलेली बरी.

वापरण्यापूर्वी

राज्यघटनेचे कलम ७५ वाचून घ्यावे. लहानच आहे. राष्ट्रपती पंतप्रधानांना नेमतात आणि पंतप्रधानांच्या सल्ल्याने बाकीच्या मंत्र्यांना, असे त्यात म्हटले आहे. तो सल्ला पंतप्रधानांनी कोणाच्या दडपणाखाली द्यायचा, हे मात्र घटनाकारांनी सांगितलेले नाही. त्यासाठी ही पुस्तिका.

मोजणी

मंत्री किती करावेत याला २००३ पर्यंत मर्यादा नव्हती. उत्तर प्रदेशात १९९७ साली कल्याणसिंहांनी नव्वदहून अधिक मंत्री केले. सरकार वाचवायला जो जो आला त्याची सोय झाली, आणि सभागृहात मंत्री नसलेला सत्ताधारी आमदार शोधावा लागू लागला. पुढे ९१वी घटनादुरुस्ती झाली. आता पंतप्रधानांसह एकूण मंत्री लोकसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त असू नयेत.

गणित सोपे आहे. ५४३ चे १५ टक्के ८१.४५ होतात. म्हणजे ८१ मंत्री. उरलेला ०.४५ मंत्री म्हणजेच राज्यमंत्री, असा एक समज दिल्लीत आहे. तो चुकीचा आहे. राज्यमंत्रीही ८१ मध्येच धरायचे असतात.

आता महत्त्वाचे. या ८१ जागा कधीही पूर्ण भरू नयेत. ९ जून २०२४ रोजी नरेंद्र मोदींच्या तिसऱ्या सरकारचा शपथविधी झाला, तेव्हा पंतप्रधानांसह ७२ जणांनी शपथ घेतली. म्हणजे नऊ जागा मोकळ्या राहिल्या. नवशिक्याला वाटेल, नऊ माणसे कमी पडली. तसे नसते. खुर्चीवर बसलेला मंत्री एकाच माणसाला खूश ठेवतो, रिकामी खुर्ची निदान पन्नास खासदारांना शिस्तीत ठेवते. गुडघ्याला बाशिंग बांधलेला खासदार सभागृहात वेळेवर येतो, बाके वाजवतो, पक्षाच्या बैठकीत मान डोलावतो आणि मतदारसंघात वार्ताहरांना सांगतो, ‘मी पक्षाचा साधा कार्यकर्ता आहे.’ हे वाक्य ऐकू येईल तोवर जागा रिकामी ठेवावी.

नकाशा

यादी करताना समोर भारताचा नकाशा ठेवावा, शेजारी जातींचा तक्ता, आणि पुढच्या दोन वर्षांत कुठे कुठे निवडणुका आहेत त्याचे कॅलेंडर. माणसांच्या अनुभवाची माहिती सर्वांत शेवटी मागवली तरी चालते. ७ जुलै २०२१ च्या विस्तारात महाराष्ट्रातून चार नव्या चेहऱ्यांची वर्णी लागली. कोकणातून नारायण राणे, मराठवाड्यातून भागवत कराड, ठाणे जिल्ह्यातून कपिल पाटील आणि उत्तर महाराष्ट्रातून भारती पवार. नकाशावर चार टाचण्या इतक्या नीटसपणे भूगोलाच्या मास्तरांनाही लावता आल्या नसत्या. चौघांत दोन डॉक्टर होते. एका डॉक्टरांना आरोग्य खात्यात राज्यमंत्री केले, दुसऱ्यांना अर्थ खात्यात.

निवडणूक हरलेल्याला घेता येत नाही, हा गैरसमज काढून टाकावा. शिवराज पाटील २००४ मध्ये लातूरला हरले आणि देशाचे गृहमंत्री झाले. राज्यसभा असते ती कशासाठी? संसदेच्या कोणत्याही सभागृहात नसलेल्या माणसालाही सहा महिने मंत्री राहता येते, तेवढ्यात कुठून तरी निवडून आणायचे. १९९१ च्या जूनमध्ये रामटेकचे माजी खासदार नरसिंह राव पंतप्रधान झाले आणि त्यांनी मनमोहनसिंगांना अर्थमंत्री केले, तेव्हा दोघांपैकी एकही संसदेचा सदस्य नव्हता. जुलैमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, नवा अर्थसंकल्प आला, परवाना राज मोडायला सुरुवात झाली. अर्थमंत्री खासदार झाले ते ऑक्टोबरात, आसाममधून, आणि पंतप्रधान नोव्हेंबरात, नंद्यालमधून.

खाती

खाते हे देशाचे एखादे काम करण्यासाठी असते असे प्रशासनाच्या पाठ्यपुस्तकात लिहिलेले असते. परीक्षेपुरते ते ठीक आहे. या पुस्तिकेच्या दृष्टीने खाते म्हणजे माणसाची समजूत काढण्याचे साधन. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाण्यासाठी केंद्रात आज चार वेगळी मंत्रालये आहेत. रेल्वे, रस्ते, जहाजे आणि विमाने. राजीव गांधींनी १९८५ मध्ये ही एका छताखाली आणून पाहिली. प्रयोग फार काळ टिकला नाही. प्रवाशांची काही तक्रार असेल असे वाटत नाही, पण तीन माणसे बिनमंत्रालयाची राहिली असणार.

खाती चार प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात गृह, संरक्षण, अर्थ आणि परराष्ट्र. ही आपल्या माणसांना द्यावीत. दुसऱ्या प्रकारात रेल्वे, ऊर्जा, रस्ते वगैरे, जिथे दाखवायला काम असते. तिसऱ्यात बाकीची. चौथा प्रकार मात्र मराठी वाचकाने लक्षपूर्वक अभ्यासावा, कारण तो त्याच्यासाठीच राखलेला दिसतो. तो म्हणजे अवजड उद्योग.

१९९९ मध्ये वाजपेयींनी शिवसेनेच्या मनोहर जोशींना हे खाते दिले. जोशी २००२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष झाले, मग त्याच वर्षी बाळासाहेब विखे पाटील आले. २००३ मध्ये सुबोध मोहिते. सरकार बदलले, मध्ये पाच वर्षे आसामच्या संतोष मोहन देवांकडे खाते गेले, आणि २००९ मध्ये पुन्हा घरी आले ते विलासराव देशमुखांकडे. २०११ मध्ये प्रफुल्ल पटेल. २०१४ मध्ये पुन्हा सरकार बदलले आणि अनंत गीते आले. खाते हलके वाटले म्हणून सेना रुसली, गीते यांनी कार्यभार घेणे लांबवले, मग घेतला. २०१९ मध्ये अरविंद सावंत. त्यांनी नोव्हेंबरात राजीनामा दिला, तर खाते सोपवले पुण्याच्या प्रकाश जावडेकरांकडे. काँग्रेस, राष्ट्रवादी, सेना, भाजप. पक्ष कुठलाही असो, महाराष्ट्राचा माणूस नाराज दिसला की दिल्लीतल्या कोणाचा तरी हात आपोआप याच फाइलकडे जात असावा. या खात्याचे मंत्री कारखान्यांपेक्षा उद्घाटनांनाच जास्त जात, हा त्यांचा दोष नव्हे. सरकारी कारखाने तोवर आजारी पडून अंथरुणाला खिळले होते.

बिनखात्याचा मंत्री हाही एक प्रकार आहे. मोटार असते, दिवाणखाना असतो, फाइल नसते. नटवरसिंगांचे परराष्ट्र खाते २००५ मध्ये काढून घेतले तेव्हा ते महिनाभर असे बसले होते. पण याकडे तुच्छतेने पाहू नये. लालबहादूर शास्त्री जानेवारी १९६४ मध्ये बिनखात्याचे मंत्री म्हणून परत आले आणि सहा महिन्यांच्या आत पंतप्रधान झाले.

फोन

यादी पक्की झाली की शपथविधीच्या सकाळी फोन करावेत. आदल्या रात्री करू नयेत, रात्रीत माणसे फोन फिरवतात. ज्यांना फोन येतो त्यांना चहाला बोलवावे. ज्यांना येत नाही ते दिवसभर चार्जर घेऊन भिंतीला टेकून बसतात.

मित्रपक्षाच्या मंत्र्याबाबत मात्र तो प्रत्यक्ष राष्ट्रपती भवनाच्या आत पोहोचल्याची खात्री करून घ्यावी. ९ नोव्हेंबर २०१४ चा रविवार आठवून पाहा. महाराष्ट्रात भाजपचे सरकार येऊन दहा दिवसही झाले नव्हते, सेना सत्तेत बसणार की विरोधात हे ठरत नव्हते. सेनेचे अनिल देसाई शपथ घ्यायला विमानाने दिल्लीत उतरले. मुंबईहून ‘मातोश्री’चा निरोप आला आणि ते विमानतळावरूनच परत फिरले. त्याच सकाळी सेनेचेच सुरेश प्रभू भाजपमध्ये दाखल झाले, दुपारी त्यांनी कॅबिनेट मंत्रिपदाची शपथ घेतली आणि रेल्वे खाते मिळवले. एकाच पक्षाची दोन माणसे, एकच दिवस, एकच शहर. (त्याच दिवशी गोव्याचे मुख्यमंत्रिपद सोडून आलेल्या मनोहर पर्रीकरांनीही शपथ घेतली. त्यांना संरक्षण मिळाले. अवजड उद्योग गोव्याला लागू नसावा.)

दर्जाचेही सांभाळावे. २०२४ मध्ये अजित पवारांच्या राष्ट्रवादीला स्वतंत्र प्रभाराचे राज्यमंत्रिपद देऊ केले, तेव्हा प्रफुल्ल पटेल आधीच कॅबिनेट मंत्री राहिलेले असल्याने पक्षाने ते नाकारले. ते कॅबिनेट मंत्री होते ते कोणत्या खात्याचे, हे वर आले आहेच.

शपथ

मजकूर छापील असतो. त्यातले वाक्य वाचायचे, भर घालायची नाही. २ डिसेंबर १९८९ रोजी राष्ट्रपती वेंकटरामन यांनी ‘मंत्री’ असे वाचले आणि चौधरी देवीलाल यांनी मोठ्याने ‘उपप्रधानमंत्री’ म्हटले. राष्ट्रपतींनी सुधारले. ‘ताऊ’ देवीलालांनी पुन्हा तेच म्हटले. घटनेत उपपंतप्रधान असे पदच नाही, म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पण शपथ वैध ठरली. यावरून निघणारी सूचना एवढीच की ज्याला पद देणे टाळता येत नाही, त्याच्याशी उच्चारांवरून वाद घालू नये.

फेरबदल

बनवलेले मंत्रिमंडळ हलवावे लागतेच. का, याचे उत्तर वृत्तपत्रांतून ‘कामगिरीच्या आधारावर’ असे द्यावे. या उत्तरावर विश्वास बसू नये म्हणून की काय, ३१ जुलै २०१२ हा दिवस घडला. त्या दुपारी देशाचे तीन वीज ग्रिड कोसळले. उत्तर, पूर्व आणि ईशान्येत साठ कोटींहून अधिक लोक अंधारात गेले, रेल्वेगाड्या रुळांवर उभ्या राहिल्या, बंगाल-झारखंडात खाण कामगार जमिनीखाली अडकले. त्याच दिवशी ऊर्जामंत्री सुशीलकुमार शिंदे यांची बढती जाहीर झाली. ते गृहमंत्री झाले. ऊर्जा खाते वीरप्पा मोइलींकडे गेले. बढतीचा निर्णय अर्थातच आधी ठरलेला होता, ग्रिडने वेळ चुकवली. पण सोलापूरच्या पोलीस उपनिरीक्षकाचा देशाचा गृहमंत्री झाला ही खरीखुरी मोठी बातमी टीव्हीवर पाहायला अर्ध्या देशात वीज नव्हती.

काढून टाकण्याच्या पद्धती दोन. एक म्हणजे सरळ नारळ. ७ जुलै २०२१ ला बारा मंत्र्यांचे राजीनामे घेतले. त्यांत शिक्षण, आरोग्य, कायदा आणि पर्यावरण या खात्यांचे मंत्री होते. संध्याकाळी त्रेचाळीस जणांनी शपथ घेतली. डच्चू मिळालेल्यांनी ट्विटरवर पंतप्रधानांचे आभार मानले. दुसरी पद्धत नाजूक, ती इंदिरा गांधींची. १९६९ च्या जुलैमध्ये त्यांनी मोरारजी देसाईंना काढले नाही, फक्त त्यांचे अर्थ खाते काढून घेतले. मोरारजी उपपंतप्रधान राहू शकत होते. ते राहणार नाहीत हे बाईंना ठाऊक होते. मोरारजी गेले, आणि १९ जुलैला बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले.

मोठ्या प्रमाणावर सफाई करायची असेल तर तिला तत्त्व लावावे. १९६३ च्या कामराज योजनेत पक्षकार्यासाठी सगळ्यांनीच राजीनामे द्यायचे आणि कोणाचे स्वीकारायचे हे नेहरूंनी ठरवायचे, असे ठरले. सहा केंद्रीय मंत्री गेले, त्यांत मोरारजी होते, मुंबईचे स. का. पाटील होते आणि वर उल्लेखलेले शास्त्रीही होते.

एक तिसराही राजीनामा पूर्वी आढळत असे, जो मंत्री स्वतः होऊन देत असे. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ मध्ये हिंदू कोड बिल रखडवले गेले म्हणून दिला. चिंतामणराव देशमुखांनी १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर दिला. हा प्रकार बाजारात मिळेनासा झाल्याने त्याची अधिक माहिती या आवृत्तीतून वगळली आहे.

पत्ता कट झालेल्यांची पुढची सोय राजभवनात करता येते. राज्यपालांच्या नेमणुकीला १५ टक्क्यांची अट नाही.

पुरवणी : मंत्र्यांसाठी

ही पुस्तिका पंतप्रधानांसाठी असली तरी मंत्र्यांकडून मागणी आली म्हणून थोडे. फेरबदलाच्या चर्चा सुरू झाल्या की परदेश दौरा काढू नये. खात्याच्या जाहिरातीत आपला फोटो पंतप्रधानांच्या फोटोच्या निम्म्यापेक्षा मोठा नसावा. मुलाखतीत ‘माझे खाते’ म्हणू नये.

अधिक सखोल मार्गदर्शनासाठी रामदास आठवले यांचा अभ्यास करावा. जुलै २०१६ मध्ये सामाजिक न्याय खात्याचे राज्यमंत्री म्हणून शपथ, मे २०१९ मध्ये पुन्हा तेच खाते, तोच दर्जा, जून २०२४ मध्ये पुन्हा तेच. २०२१ च्या वादळात शेजारची झाडे उन्मळली, यांचे पान हलले नाही. लोकसभेत त्यांच्या पक्षाचा एकही खासदार नाही. आठवल्यांकडे शिकवणी लावता आली तर जरूर लावावी. फी घेत नाहीत, पण तासाच्या शेवटी चार ओळी ऐकाव्या लागतात, आणि टाळी यमकावर द्यायची असते.